रानगाईचं कुरण

ओर्शुलाने काठी आपटली तशी फ्लोरियानची तांबडी गाय चार पावलं पुढे गेली आणि तिथे पुन्हा गवतात तोंड घालून उभी राहिली. तिच्यामागे तिची कालवड, कालवडीच्या मागे फ्लोरियानच्या मेहुण्याचा गोऱ्हा. सगळं गोत घेऊन लग्नाला आल्यासारखी ती गुरं चरत होती. ओर्शुलाने त्यांना ओढ्यापलीकडे हाकललं, काट्याकुट्यांचं कुंपण सारखं केलं, कपाळावरचा घाम पुसला आणि मागे वळून पाहिलं, तर दुसऱ्या बाजूने पाणचक्कीवाल्याची गाय आत शिरत होती.

हे रोजचंच झालं होतं. सबंध उन्हाळा तिचा कुरणात गेला. घरची सलगमं तणात बुडाली, कोंबड्यांना कोल्ह्याने नेलं, आणि ही बाई काठी घेऊन गवताच्या मधोमध उभी. गावातली माणसं तिला 'रानगाईची सासू' म्हणायची. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागली.

कुरण राजाचं होतं आणि त्याने ते रानगुरांसाठी राखलं होतं. काळेकभिन्न, पाठीवरून पांढरट पट्टा गेलेले बैल आणि तपकिरी गाई, माणसाच्या खांद्याच्याही वर पाठ जाईल एवढ्या. दुसऱ्या कुठल्या राजाच्या जंगलात ती उरली नव्हती, असं राजाचे तपासनीस सांगत. गावाने त्यांची राखण करायची, हिवाळ्यासाठी गवताच्या गंजी रचून ठेवायच्या, शिकाऱ्यांना हुसकायचं. त्या बदल्यात गावाला वेठ माफ. आजूबाजूच्या सगळ्या गावांतली माणसं जहागीरदाराच्या शेतावर फुकट राबत. या गावाच्या दारावर कोणी काठी आपटायला येत नसे. हा करार इतका जुना होता की गावाला तो पाऊसपाण्यासारखा वाटू लागला होता. आपोआप येणारा, कोणी काही केलं नाही तरी राहणारा.

ओर्शुलाला तसं वाटत नव्हतं, कारण ती या गावची नव्हती. ती नदीपलीकडची. तिचा बाप आठवड्यातले निम्म्याहून जास्त दिवस जहागीरदाराच्या रानात असायचा, कापणीत तर रविवार सोडून रोज. तिकडचं पीक कापून होईतो घरचे जव पावसात झोपायचे. एका उन्हाळ्यात बाप त्या शेतातच आडवा झाला, तो उठला नाही. कारभाऱ्याने त्याच्या हातातला विळा काढून घेतला आणि शेजारी पेंढ्या बांधत असलेल्या तिच्या आईच्या हातात दिला. उरलेली ओळ आईने पुरी केली, मग रडली. ओर्शुला तेव्हा पेंढ्या उचलण्याएवढी होती.

पुढे तिला वालेन्तीचं स्थळ आलं. वयाने मोठा, खांद्यात वाकलेला, बोलायला एकदम मुखदुर्बळ. मध्यस्थ त्याच्या मधमाश्यांचं कौतुक सांगत होता. ओर्शुलाने मध्येच विचारलं, तुमच्या गावाला वेठ नाही हे खरं का. वालेन्तीने टोपी हातात फिरवत सांगितलं, "आम्हाला फक्त गुरं सांभाळायची असतात." तिने त्याच संध्याकाळी होकार कळवला. मधमाश्यांचं पुढे कधीतरी विचारलं असेल.

ती लग्न होऊन आली तेव्हा कळप होता. जंगलात शिरलं की फांद्या मोडल्याचा आवाज यायचा, आणि वालेन्ती तिला हात धरून थांबवायचा. मग गावच्या गुरांची लाळखुरकत रानगुरांना लागली. मग एक वाईट हिवाळा आला, त्याच्यामागून दुसरा. गवत कमी पडत गेलं, कारण गावातली गुरं वाढत गेली. शेवटचा बैल मेला तेव्हा त्याची शिंगं राजाच्या खजिन्यात गेली आणि गावाला शाबासकी मिळाली, कशाबद्दल ते कोणालाच कळलं नाही. आता उरली होती एक म्हातारी गाय. सबंध गावाची सुटका तिच्या चार पायांवर उभी होती, आणि गाव आपापली गुरं तिच्या ताटात सोडत होतं.

"वहिनी, एक गाय खाऊन खाऊन खाणार किती?" फ्लोरियान म्हणायचा. गावात सगळ्यात जास्त बोलणारा तो, आणि सगळ्यात जास्त गुरंही त्याचीच. "एवढं मोठं कुरण तिच्या एकटीच्या पोटात जायचंय का?"

"तुझ्या किती येतात?"

"दोनच."

"सगळ्यांच्या दोनच येतात, फ्लोरियान."

"मग सगळ्यांना सांगा की. मी एकटाच दिसतो तुम्हाला? माझ्या अंगावर काय घंटा बांधलीय?"

ती पाणचक्कीवाल्याकडे गेली, तो म्हणाला, आधी फ्लोरियानला सांगा. फ्लोरियानच्या मेहुण्याकडे गेली, तो म्हणाला, पाणचक्कीवाल्याने सोडली म्हणून मी सोडली. बोलणं गोल फिरून पुन्हा तिच्याच दारात यायचं. तिने त्यांना वेठ म्हणजे काय ते सांगून पाहिलं. बापाचं सांगितलं, विळ्याचं सांगितलं. त्यांनी हळहळून ऐकलं, बायकांनी ओढणीने डोळे टिपले, आणि दुसऱ्या दिवशी गुरं पुन्हा आत. त्यांना वेठ हा नदीपलीकडच्या माणसांना होणारा आजार वाटत होता.

शेवटी ती फादरांकडे गेली. "ख्रिस्ताची स्तुती असो," म्हणून दारात उभी राहिली आणि विनंती केली की देवळातून एकदा लोकांना सांगा. फादर भले माणूस. त्यांनी पुढच्याच रविवारी नोहाच्या तारवावर असं सुरेख प्रवचन केलं की पाणचक्कीवाला नाक शिंकरत होता. देवाने प्रत्येक जिवाची जोडी माणसाच्या हाती सोपवली, आणि माणसाने हिशेब द्यायचा आहे, वगैरे. ओर्शुलाचा जीव भांड्यात पडला. तिने येताना मरियेपुढे मेणबत्ती लावली.

सोमवारी सकाळी कुरणात फादरांची पांढऱ्या तोंडाची गाय चरत होती.

फादरांचा स्वयंपाक करणारी बाई म्हणाली, ही गाय देवळाची, म्हणजे देवाचीच, देवाच्या गवतात शिरली तर काय बिघडलं. खुद्द फादर म्हणाले की प्रवचन गावासाठी होतं. त्यांना उलट बोलायला ओर्शुलाची जीभ रेटेना. तिने गाय दोरीने धरून त्यांच्या गोठ्यात आणून बांधली, आणि वाटेत मनात जे जे आलं होतं त्याबद्दल प्रभूची क्षमा मागत घरी गेली.

या सगळ्यांवर कडी म्हणजे तिचा नवरा. वालेन्ती मुख्य राखणदार होता. म्हातारी गाय कुठे बसते, कुठे पाणी पिते, वारा कुठून आला की कान टवकारते, हे सगळं त्याला तोंडपाठ. पण कोणी येऊन म्हटलं की वालेन्ती, आजच्या दिवस माझी गाय सोडतो बरं का, की हा मान हलवणार. ओर्शुला फणफणली की म्हणणार, जाऊ दे. छप्पर गळलं, जाऊ दे. फ्लोरियानने फावडं नेऊन परत दिलं नाही, जाऊ दे. त्या दोन शब्दांवर त्या माणसाने अख्खा संसार केला होता.

नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणाला पहिला बर्फ पडला. कुरणात रानगाईसाठी गंजी रचून ठेवली होती, भोवती कुंपण, आणि गाईला जायला ठेवलेली एक फट. गावातल्या गाई आता गोठ्यात बांधल्या गेल्या आणि वाळक्या काडीवर आटत चालल्या. ओर्शुलाची गाय क्रासूला मात्र दूध देत होती. नुसतं देत नव्हती, भरभरून देत होती. ओर्शुलाला वाटलं, देवाने पाहिलं. उन्हाळाभर उन्हात उभी राहिले त्याचं हे फळ. तिने लोणी काढून देवळातल्या दिव्यासाठी दिलं, गावातल्या एका बाळंतिणीला दिलं. विहिरीवर बायकांना सांगितलं की मन स्वच्छ ठेवलं की जनावरालाही ते कळतं. बायका एकमेकींकडे पाहत होत्या. तिला वाटलं, हेवा वाटतोय.

एका सकाळी, नवा बर्फ पडून थांबल्यावर, ती गंजी पाहायला गेली. गंजी एका बाजूने पोखरलेली. खाली खुरांचे ठसे, गावच्या गुरांचे, बारीक. रानगाईचे नव्हेत. ओर्शुलाचं डोकंच फिरलं. ठसे ताजे होते, ती त्यांच्या मागे निघाली आणि चालता चालता मालकाला काय काय सुनवायचं ते मनात लावत गेली. ठसे ओढा ओलांडून आले. देवळाजवळ आले तेव्हा तिला वाटलं, पुन्हा फादरच. पण पुढे गेले. फ्लोरियानच्या फाटकाशी आले तेव्हा तिने बाह्या वर केल्या. फाटकावरूनही पुढे गेले. विहीर मागे पडली, सफरचंदाचं झाड मागे पडलं, आणि ठसे तिच्याच अंगणात शिरले.

गोठ्यात वालेन्ती क्रासूलाच्या पाठीवरचा बर्फ झटकत होता. गाईच्या तोंडातून गवताची एक काडी लोंबत होती.

"कधीपासून?" ओर्शुलाने विचारलं.

"पहिला बर्फ पडल्यापासून."

"आणि मी विहिरीवर मन स्वच्छ ठेवायला सांगतेय."

वालेन्तीने गाईच्या तोंडातली काडी काढून घेतली. मग म्हणाला, "सगळ्यांच्याच जातात. आपली एकटी उपाशी ठेवायची? तू दूध बघून खूश व्हायचीस. म्हटलं, होऊ दे खूश."

ओर्शुला पालथ्या बादलीवर बसली. गावाशी भांडायला तिच्याकडे शब्द होते. नवऱ्याशी भांडायला तर होतेच होते. पण स्वतःच्या हातांनी घुसळलेल्या लोण्याशी कसं भांडतात ते तिला ठाऊक नव्हतं. अन्न टाकायचं पाप ती करणारी नव्हती, म्हणून त्या दिवशीच्या दुधाचं तिने चीज लावलं, आणि ते तयार झाल्यावर दोघांनी खाल्लं. चीज चांगलं झालं होतं. त्याचाच तिला जास्त राग आला.

त्यानंतर तिने क्रासूलाला कुलपात ठेवलं आणि माळ्यावरचं घरचं गवत पाठीवर बांधून स्वतः गंजीपाशी नेऊन टाकायला लागली. क्रासूला आटली. विहिरीवर बायकांनी विचारलं, काय गं, मन मळलं का. ओर्शुलाने घागर भरली आणि निघून आली.

एकदा ती गवत टाकत असताना रानगाय समोर आली. इतक्या जवळून तिने तिला कधी पाहिलं नव्हतं. तोंडाभोवती पांढुरकी कड, एक शिंग टोकाला झिजलेलं, बरगड्या उघड्या पडलेल्या. एवढं मोठं जनावर, पण उभं होतं ते परक्याच्या घरी जेवायला बोलावलेल्या म्हातारीसारखं. ओर्शुला दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "खा की बाई. आता तू तरी नखरे करू नकोस." गाईने गवत हुंगलं. त्याला माणसांचा, माळ्याचा, धुराचा वास असणार. ती वळली आणि सावकाश झाडांत निघून गेली. ओर्शुलाने कपाळाला हात लावला. पाठ मोडून आणलेलं गवत संध्याकाळपर्यंत हरणांनी संपवलं.

बर्फ वितळत होता तेव्हा वालेन्ती एक दिवस टोपी हातात घेऊन घरात आला, आणि ओर्शुलाने चुलीपुढून उठता उठताच ओळखलं. दोघं दलदलीकडे गेली. ओल्या पानांवर गाय कुशीवर पडली होती, चारही पाय ताठ, डोळ्यांच्या जागी कावळ्यांनी आधीच काम केलेलं. वालेन्ती लहान मुलासारखा रडला. ओर्शुलाने क्रूस केला आणि प्रार्थना म्हणायला लागली. जनावरासाठी कोणती म्हणतात ते तिला माहीत नव्हतं, म्हणून जी येत होती ती म्हणाली. मध्येच थांबून गाईला म्हणाली, "अजून थोडं राहायचं होतंस." आणि मग प्रार्थना पुरी केली.

गावात आता दोष वाटणं सुरू झालं. फ्लोरियानच्या मते गाय म्हातारपणाने गेली, त्यात कोणाचा काय दोष. पाणचक्कीवाल्याच्या मते फ्लोरियानच्या गुरांनी गवत संपवलं. आणि बऱ्याच जणांचं मत पडलं की ओर्शुलाने काठी आपटून आपटून तिला घाबरवलं. हे ऐकून ओर्शुलाने काठी माळ्यावर टाकली.

उन्हाळ्याच्या तोंडावर राजाचे तपासनीस येणार अशी खबर आली, तशी सगळी गुत्त्यात जमली. ठरलं असं की गाय जिवंत आहे म्हणून सांगायचं. दलदलीत राहते, पहाटे दिसते, माणूस पाहून आत जाते. तपासनीस गाडीतून उतरून चिखलात शिरणार नाहीत. गेले की पुन्हा कितीतरी वर्षांनी येतील, तोवर बघू. फक्त मुख्य राखणदाराला क्रुसावर हात ठेवून शपथ घ्यावी लागणार होती. सगळ्यांनी वालेन्तीकडे पाहिलं. त्याने ओर्शुलाकडे पाहिलं, आणि ओर्शुलाने मान हलवली.

हो, तिनेच. खोटं बोलायला सगळ्यात जास्त तयार तीच होती. नदीपलीकडे काय आहे ते बाकीच्यांनी ऐकलं होतं, तिने भोगलं होतं. देवाला सगळं दिसतं, त्याला हेही दिसेल, असं तिने स्वतःला समजावलं. वाक्यसुद्धा तिनेच बसवलं: 'ओली दलदल सोडून ती बाहेर येत नाही, पण आहे, मी पाहिली आहे.' वालेन्ती रोज जवाची पेज खाताना ते म्हणून दाखवायचा आणि रोज मध्येच अडकायचा. ती वैतागून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची.

तपासनीस आला. थकलेला, जाडा माणूस, पाय सुजलेले. देवळासमोरच्या झाडाखाली त्याला खुर्ची दिली, थंड बिअर दिली. तो माशा वारत बसला. फादर क्रूस घेऊन उभे राहिले. त्यांनाही सगळं ठाऊक होतं आणि त्यांची नजर कोणाच्याच डोळ्यांवर नव्हती.

वालेन्ती गुडघ्यांवर बसला. त्याने क्रुसावर दोन बोटं ठेवली. तोंड उघडलं आणि तो अडकला. वाक्य विसरला म्हणून त्याने गर्दीत ओर्शुलाला शोधलं. आणि तिला त्या चेहऱ्यावर तेच दिसलं जे गोठ्यात दिसलं होतं. या माणसाला वेठीची भीती नव्हती. राजाचीही नव्हती. ती खूश होईल, एवढ्यासाठी तो देवाच्या अंगावर हात ठेवून खोटं बोलणार होता, जसा तिला न सांगता गाय चारून आणत होता. मरून वर गेल्यावर हिशेब मागितला तर तिथेही टोपी फिरवत म्हणणार, म्हटलं, होऊ दे खूश.

"सरकार, ती मेली," ओर्शुला म्हणाली.

तपासनिसाने पेला खाली ठेवला. "कधी?"

"बर्फ वितळताना. म्हातारी होती. आणि तिचं गवत आम्ही आमच्या गुरांना घातलं. सगळ्यांनीच. आमच्याही घरी तेच झालं." ती फादरांकडे पाहणार नव्हती, तरी पाहिलं. फादरांनी क्रूस खाली घेतला.

तपासनिसाने शिंगं कुठे आहेत ते विचारलं, कारण ती न्यायची होती. ओर्शुलाने पुढे होऊन नवऱ्याला काखेत हात घालून उठवलं. त्याचे गुडघे धुळीने भरले होते, ते झटकले. त्यानंतर त्या उन्हाळ्यात गावात तिच्याशी कोणी बोललं नाही. विहिरीवर ती आली की बायका घागरी उचलत. एकदा दारावर शेण मारलेलं होतं. तिने ते खरवडून वाफ्यात टाकलं.

राखायला काही उरलं नाही म्हणून गाव जहागिरीला जोडलं गेलं. धान्य पिवळं झालं आणि एका सोमवारी, उजाडायच्या बेतात, सगळी माणसं पहिल्यांदा जहागीरदाराच्या शेतावर गेली.

तिथे सगळी उभी होती ती जत्रेला आल्यासारखी. कोणी पायांत चांगले बूट घालून आलेलं, कोणी विळ्याला धारच लावली नव्हती. फ्लोरियानने बांधावर बसून फडकं सोडलं होतं आणि भाकरी खायला सुरुवातही केली होती. कारभारी घोड्यावरून येताना दिसत होता. ओर्शुलाने हे सगळं पाहिलं आणि तिला राहवेना.

"बांध ती भाकरी," ती फ्लोरियानला म्हणाली. "दुपारपर्यंत बसायला मिळत नाही, आणि त्या वेळी पोटात काही नसलं तर ऊन डोक्यात जातं." मग बाकीच्यांकडे वळली. मनगटाला चिंधी गुंडाळा. बूट काढून ठेवा, पुढच्या वर्षी लागतील. ओढ्याकडच्या ओळी आखूड आहेत, त्या म्हाताऱ्यांना द्या. पहिल्या दिवशी जोर करू नका, जेवढं आज कापाल तेवढं तो रोज मागेल. आणि तो ओरडला तर वर बघू नका.

पाणचक्कीवाल्याच्या बायकोने ओढणीची पट्टी फाडली आणि मनगटाला बांधली, मग दुसरीने बांधली. म्हातारी माणसं ओढ्याच्या बाजूला सरकली. वालेन्ती ओर्शुलाच्या शेजारच्या ओळीला उभा राहिला.

फ्लोरियान फडक्याला गाठ मारत तिच्याजवळ आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "घरचं पीकही याच आठवड्यात उभं आहे हो. ते कधी कापायचं?"

"रविवारी. फादर परवानगी देतात का विचार," ओर्शुला म्हणाली, आणि वाकून तिने पहिली मूठ कापली.